एकच कॅबिनेट, दोन उलट रिव्ह्यू: खरं कोणाचं मानायचं?

प्रश्न असा आहे: नवा पीसी जुळवायचाय, मिड-टॉवर (मध्यम आकाराचं) कॅबिनेट जवळजवळ ठरलंय, पण एका रिव्ह्यूत त्याला ‘एकदम थंड’ म्हटलंय आणि दुसऱ्यात ‘भट्टी’. दोघांकडे तक्ते आहेत, दोघांकडे फोटो आहेत. मग विश्वास कोणावर ठेवायचा?

दोघंही खरं सांगत असण्याची शक्यता बरीच आहे. मी बरीच वर्षं पीसी जुळवतोय, आणि माझ्या अनुभवात हार्डवेअरमधले सगळ्यात फसवे रिव्ह्यू कॅबिनेटचे असतात. प्रोसेसर किंवा एसएसडी मोजताना ती वस्तू स्वतः काम करत असते. कॅबिनेट स्वतः काहीच करत नाही, तो पत्र्याचा डबा आहे. त्याच्या नावावर जो आकडा छापला जातो तो खरं तर आत बसवलेल्या प्रोसेसरचा, ग्राफिक्स कार्डाचा, पंख्यांचा आणि बाहेरच्या खोलीचा असतो. म्हणून तापमान किती आलं हे बघण्याआधी ते कशावर, किती भाराखाली आणि कोणत्या पंख्यांनी आलं हे शोधायचं. ज्या रिव्ह्यूत याची उत्तरं सापडतात तो माझ्या दृष्टीनं भरवशाचा. त्याचा निकाल मला पटतो की नाही, हे मी नंतर बघतो.

सुरुवात खोलीपासून करा. खोली २२ अंशांवर असताना कार्ड ६८ अंशांवर थांबलं आणि दुसऱ्या कोणाच्या २८ अंशांच्या खोलीत ते ७४ वर गेलं, तर दोन्ही कॅबिनेटनी अगदी सारखं काम केलंय. फरक दोन्हीकडे ४६ अंशांचाच आहे. याला ‘डेल्टा’ म्हणतात, म्हणजे खोलीच्या तापमानापेक्षा किती जास्त. चांगला रिव्ह्यू एक तर डेल्टा देतो किंवा खोलीचं तापमान लिहितो. दोन्ही नसेल तर तो तक्ता मी सोडून देतो, कारण चांगल्या आणि वाईट कॅबिनेटमधला फरक पुष्कळदा पाच-सात अंशांचाच असतो आणि तेवढा तर दुपार-रात्रीच्या हवेनंही पडतो. शिवाय चाचणी किती वेळ चालली तेही बघा. पूर्ण भार टाकल्यावर पहिल्या पाच मिनिटांत आतली हवा, पत्रा, रेडिएटरमधलं (पाण्यानं थंड करणाऱ्या कूलरच्या जाळीतलं) पाणी हे सगळं अजून तापतच असतं. अर्धा तास तरी भार ठेवून आकडा स्थिर झाल्यावर घेतलेलं मापच धरायचं.

मग पंखे. तुमच्या दोन रिव्ह्यूंमधलं भांडण बहुधा इथेच मिटेल. कॅबिनेटबरोबर आलेल्या पंख्यांवर एकानं चाचणी केली असेल आणि दुसऱ्यानं स्वतःचे तीन चांगले पंखे पुढे लावले असतील. दोन्ही चाचण्या उपयोगी आहेत, पण त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. पहिली सांगते की खोक्यातून काढून जसंच्या तसं वापरलं तर काय मिळेल. दुसरी सांगते की मुळात त्या डब्यातून हवा किती सहज जाते. काही कॅबिनेट पंख्यांशिवायच विकली जातात, लियान लीचं ओ११ डायनॅमिक हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. अशा कॅबिनेटचं तापमान छापताना पंखे कोणते, किती आणि कुठे लावले हे न लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं.

पंख्यांबरोबर आवाज येतोच. पंखे पूर्ण वेगानं फिरवले की जवळपास कुठलंही कॅबिनेट थंड दिसतं. त्यामुळे मला सगळ्यात जास्त विश्वास वाटतो तो आवाज सारखा ठेवून केलेल्या चाचणीवर. प्रत्येक कॅबिनेटमध्ये पंख्यांचा वेग असा बसवतात की ठरलेल्या अंतरावरून डेसिबलचा आकडा सगळ्यांचा एकच येईल, आणि मग तापमान बघतात. हार्डवेअर तपासणाऱ्या गेमर्स नेक्सस या यूट्यूब चॅनलनं ही पद्धत कॅबिनेटच्या बाबतीत बरीच रूढ केली. आवाजाचा आकडा वाचताना अंतर बघायला विसरू नका. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, आणि १० डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो. म्हणजे अर्ध्या मीटरवरचा आणि एका मीटरवरचा आकडा शेजारी ठेवून ‘हे शांत, ते गोंगाटी’ असं म्हणताच येत नाही.

आता थोडी कमी बोलली जाणारी गोष्ट. हल्लीचे प्रोसेसर आणि कार्डं स्वतःला सांभाळून घेतात. २०२२मध्ये आलेल्या रायझन ७००० मालिकेतले वरच्या श्रेणीचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जायचेच, अशा बेतानं बनवलेले आहेत. थंडावा जास्त मिळाला तर ते तापमान खाली आणत नाहीत, वेग वाढवतात. मग कोंदट कॅबिनेटमध्येही ९५ आणि हवेशीर कॅबिनेटमध्येही ९५, आणि रिव्ह्यूवाला लिहून मोकळा होतो की दोन्ही सारखीच आहेत. ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. त्याचे पंखे ऑटोवर असले तर ते आपलं ठरलेलं तापमान गाठण्यासाठी हवा तेवढा वेग घेतात. तापमान सारखं दिसतं, पण एका कॅबिनेटमध्ये कार्डाचे पंखे १४०० आरपीएमवर (मिनिटाला १४०० फेऱ्यांवर) गुणगुणत असतात आणि दुसऱ्यात २१०० वर घरघरत. म्हणून जाणकार रिव्ह्यूवाले प्रोसेसरची वीज ठरावीक वॅटवर बांधून टाकतात, कार्डाच्या पंख्यांचा वेग कुलूपबंद करतात, आणि मगच कॅबिनेट बदलत जातात. ‘आम्ही वीज आणि पंख्यांचे वेग स्थिर ठेवले’ अशा अर्थाचं एक वाक्य रिव्ह्यूत सापडलं की समजायचं, या माणसाला आपण काय मोजतोय ते कळतंय.

आणखी एक चाचणी मी मुद्दाम शोधतो: पुढचं पॅनल काढून घेतलेलं माप. खर्च शून्य, वेळ अर्धा तास, आणि कॅबिनेटची सगळी कुंडली बाहेर येते. पॅनल लावलेलं असताना आणि काढल्यावर फरक एक-दोन अंशांचा असेल तर हवेची वाट मोकळी आहे. सात-आठ अंश उतरले तर ते पॅनल पंख्यांचा गळा दाबतंय, मग त्याच्या कडेला कितीही सुंदर फटी असोत. कूलर मास्टरचं एच५००पी २०१७मध्ये आलं तेव्हा पुढे २०० मिमीचे दोन मोठे पंखे होते, बघून कोणालाही वाटावं की वारा सुटेल. पण पंख्यांसमोर बंद पॅनल होतं. टीका झाली आणि पुढे जाळी लावलेली मेश आवृत्ती आली. फँटेक्सच्या पी४०० घराण्यातही बंद पुढच्या पी४००एसनंतर २०१९मध्ये जाळीचं पी४००ए आलं. पॅनल काढून मोजणाऱ्या रिव्ह्यूंनी असे दोष आकड्यांत पकडले. नुसतं बघून लिहिणाऱ्यांनी मोठ्या पंख्यांचं कौतुक केलं होतं.

यातून नावांचा घोळही लक्षात घ्या. कॉर्सेअरचं ४०००डी आणि ४०००डी एअरफ्लो यांचा सांगाडा एकच, पुढचं पॅनल वेगळं, आणि हवेच्या बाबतीत ती दोन निराळी कॅबिनेट आहेत. ‘थंड’ आणि ‘भट्टी’ म्हणणाऱ्या त्या दोघांकडे नेमकं एकच मॉडेल होतं का, हेही मी आधीच तपासेन. मागच्या बाजूच्या लेबलचा फोटो असेल तर तो मोठा करून मॉडेल क्रमांक वाचा. शिवाय कंपन्या नाव तेच ठेवून आतले पंखे बदलतात, कधी संख्याही बदलते. रिव्ह्यूची तारीख आणि त्यातल्या पंख्यांची संख्या आजच्या विक्रीच्या पानाशी जुळते का, ते दोन मिनिटांत कळतं.

तापमानाचं इतकं लांबलं, कारण फसवणूक तिथेच सगळ्यात जास्त होते. पण रोज त्रास देणाऱ्या गोष्टी तक्त्यात नसतात.

एक जुळणी मला अजून आठवते. कॅबिनेटच्या रिव्ह्यूत लिहिलं होतं, ३६० मिमी लांबीचं कार्ड आरामात बसतं. माझं कार्ड ३३६ मिमीचं, म्हणजे २४ मिमी शिल्लक. मदरबोर्ड बसवला, केबल मागून ओवल्या, पुढे ३६० आकाराचा (१२० मिमीचे तीन पंखे बसणारा) रेडिएटर पंख्यांसकट लावला आणि कार्ड हातात घेतलं. ते तिरकं करून आत नेलं तर त्याचं टोक सरळ रेडिएटरच्या पंख्याला टेकलं. रेडिएटरची जाडी २७ ते ३० मिमी, पंख्याची २५, म्हणजे पुढून साधारण ५५ मिमी गेलेच. उरले ३०५. मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की ३६० हा आकडा समोर रेडिएटर नसतानाचा आहे. रिव्ह्यूवाल्यानं २७० मिमीचं कार्ड लावून, रेडिएटरशिवाय जुळणी केली होती आणि ३६०चा आकडा कंपनीच्या पानावरून उचलला होता. मी सगळं पुन्हा उतरवलं, रेडिएटर वर हलवायला गेलो, तर तिथे मेमरीच्या उंच पट्ट्या आड आल्या. तेव्हापासून रिव्ह्यूत मापपट्टीचा फोटो दिसतो का ते मी बघतो. जो माणूस स्वतः पट्टी लावून ‘कंपनी इतकं म्हणते, मला इतकं मिळालं’ असं लिहितो, त्याच्या बाकीच्या वाक्यांनाही माझ्याकडे वजन असतं.

खरी जुळणी करणाऱ्याच्या लिहिण्यात काही खुणा हमखास दिसतात. वरच्या कोपऱ्यातल्या भोकातून प्रोसेसरची आठ पिनांची केबल न्यायची असते. वर रेडिएटर बसला की तिथे बोट जात नाही, म्हणून केबल आधी लावून घ्यावी लागते. हे तो सांगतो. मदरबोर्डच्या मागे केबलला जागा किती मिमी, आणि चोवीस पिनांची जाड केबल दुमडल्यावर मागचं पॅनल सरळ बसतं की मधोमध फुगतं, हेही तो सांगतो. स्क्रू दोनदा काढ-घाल केल्यावर आटे टिकले का, स्टँडऑफ (मदरबोर्ड ज्यांवर बसतो ते छोटे खांब) आधीच बसवलेले आहेत का, एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) बाजूला हार्ड डिस्कचा पिंजरा असेल तर मॉड्युलर (काढता-घालता येणाऱ्या) केबलच्या प्लगांना वळायला जागा उरते का, धुळीचा फिल्टर काढायला अख्खा पीसी उचलावा लागतो का, हे सगळं त्यात येतं. काचेच्या पॅनलची आणि कार्डाच्या वीजकेबलची टक्कर होते का, ही आताची मोठी कटकट आहे. अलीकडच्या कार्डांवरच्या १२व्हीएचपीडब्ल्यूआर या वीजप्लगपासून साधारण ३५ मिमी केबल सरळ ठेवून मगच वळवावी अशी सूचना केबल बनवणारे देतात, आणि कार्डं इतकी रुंद झाली आहेत की अरुंद कॅबिनेटमध्ये काच लावताना नेमकी तीच केबल दाबली जाते. रिव्ह्यूत जुनं, अरुंद कार्ड वापरलं असेल तर याबद्दल तो गप्पच राहणार. त्याला ते दिसलंच नसेल.

व्हिडिओ बघत असाल तर बाजूचं पॅनल काढतानाचा क्षण कट न करता दाखवलाय का ते बघा. पत्रा पातळ असला की तो धरल्यावर लपकतो आणि परत लावताना खालच्या खाचा एकाच वेळी बसत नाहीत, एक बाजू लावली की दुसरी निसटते. संगीत लावून, दिवे लुकलुकवून केलेल्या ‘बिल्ड’मध्ये हे कधीच दिसत नाही. ते व्हिडिओ मी वाईट म्हणणार नाही, रंगसंगती ठरवायला ते कामाचे असतात. पण त्यांना रिव्ह्यू समजू नका, विशेषतः सुरुवातीला प्रायोजकाचं नाव येत असेल तर.

पैशाच्या हितसंबंधांबद्दल माझं मत जरा सौम्य आहे. कंपनीनं कॅबिनेट फुकट पाठवलं म्हणून रिव्ह्यू बाद होत नाही. बहुतेक चांगले रिव्ह्यूही तशाच नमुन्यांवर होतात. मी बघतो ते असं: त्या माणसानं गेल्या वर्षभरात एखादं कॅबिनेट ‘घेऊ नका’ असं म्हटलंय का? आणि त्याच्या तक्रारी मोजता येण्यासारख्या आहेत का? ‘अजून थोडे रंग हवे होते’ ही तक्रार कोणत्याच कंपनीला झोंबत नाही. ‘वरचा रेडिएटर लावल्यावर केबलच्या भोकाचा अर्धा भाग झाकला जातो’ ही झोंबते, आणि तीच आपल्या उपयोगाची.

पहिल्या दिवशीच्या रिव्ह्यूंची एक मर्यादा मात्र कितीही प्रामाणिक माणूस ओलांडू शकत नाही. त्याच्या हातात ती वस्तू आठ-दहा दिवस असते. एनझेडएक्सटीच्या एच१ या छोट्या कॅबिनेटचं २०२०मध्ये कौतुक झालं. नंतर कळलं की आतलं रायझर कार्ड (मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणारा भाग) सांगाड्याला जोडणाऱ्या स्क्रूंमुळे शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते. कंपनीनं आधी नायलॉनचे स्क्रू दिले. मूळ दोष रायझरच्या सर्किट बोर्डमध्ये आहे, त्यामुळे पुढे कोणी पुन्हा धातूचा स्क्रू लावला तर धोका तसाच राहील, हे गेमर्स नेक्ससनं दाखवून दिलं. अखेर फेब्रुवारी २०२१मध्ये अमेरिकेत सुमारे ३२,००० कॅबिनेटसाठी रिकॉल, म्हणजे विकलेला माल परत बोलावणं, जाहीर झाला. फ्रॅक्टलचं टॉरेंट हवेच्या बाबतीत वाखाणलं गेलेलं कॅबिनेट, २०२१मध्ये आलं. फेब्रुवारी २०२२मध्ये त्याच्या फॅन हबमध्ये (सगळे पंखे एकत्र जोडण्याच्या भागात) शॉर्टसर्किटची शक्यता आढळली म्हणून कंपनीनं विक्री थांबवून हब बदलून दिले. म्हणून घेण्याआधी मॉडेलच्या नावापुढे ‘रिकॉल’, ‘फॅन हब’, ‘रायझर’ असे शब्द टाकून एकदा शोधाच. जी कंपनी दोष मान्य करून भाग बदलून देते तिच्याबद्दल माझं मत उलट सुधारतं.

महिन्यांनंतर उगवणाऱ्या दोषांसाठी विकत घेतलेल्या लोकांचे अभिप्राय लागतात, पण तेही निवडून वाचायचे. पाच तारेवाले बहुतेक खोकं उघडल्या दिवशी लिहिलेले असतात. एक तारेवाल्यांत काच फुटून आल्याच्या तक्रारी भरपूर, आणि तो दोष बऱ्याचदा वाहतुकीचा असतो. मला सगळ्यात जास्त मिळतं ते तीन तारेवाल्यांकडून: ‘छान आहे, पण चार महिन्यांत पुढचा यूएसबी सैल झाला’, ‘पॉवरचं बटण दाबलं की आतच अडकतं’, ‘एका पंख्याचं बेअरिंग कुरकुरायला लागलं’. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन माणसांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच बटण अडकल्याचं लिहिलं असेल तर ते बटण अडकतं असं धरून चाला. आणि ते अभिप्राय त्याच वस्तूचे आहेत ना, हेही बघा. एकाच पानावर काळं-पांढरं, काचेचं-जाळीचं, लहान-मोठं अशा सगळ्या प्रकारांचे अभिप्राय एकत्र दिसतात. प्रसिद्ध वस्तूचे अभिप्राय नव्या वस्तूच्या पानाला जोडण्याचा प्रकार तर इतका गंभीर आहे की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२३मध्ये पूरक आहार विकणाऱ्या एका कंपनीवर त्याबद्दल कारवाई केली. फोटो असलेला अभिप्राय असेल तर फोटोतलं पुढचं पॅनल तुमच्या निवडीतल्या पॅनलशी ताडून पाहा.

मी स्वतः कोणाचं वाचतो, तर हवा आणि आवाजासाठी गेमर्स नेक्सस आणि हार्डवेअर कॅनक्स, कारण दोघंही अनेक कॅबिनेट सारख्याच परिस्थितीत मोजतात. आतली रचना जवळून बघायची असेल तर टेकपॉवरअपचे फोटो. जर्मन भाषेतलं कॉम्प्युटरबेसही भाषांतर लावून वाचण्यासारखं आहे. आवाज कसा मोजावा हे शिकायचं असेल तर २००२मध्ये सुरू झालेल्या सायलेंट पीसी रिव्ह्यूचे जुने लेख वाचा. तिथली कॅबिनेट आता जुनी झाली, पण प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत माप घेण्यामागचा विचार आजही तसाच लागू आहे. एक पथ्य पाळा: एकाच्या तक्त्यातला आकडा दुसऱ्याच्या तक्त्यातल्या आकड्याशी लावू नका. तुमचं कॅबिनेट प्रत्येक तक्त्यात वरून कितव्या क्रमांकावर येतं तेवढं बघा. एकाच चाचणीवाल्याचेही चाचणीचे भाग मध्ये बदललेले असतील, तर आधीचे आणि नंतरचे आकडे एकत्र धरू नका.

तेव्हा तुमच्यापुरतं सांगायचं, तर दोन्ही रिव्ह्यू शेजारी उघडा आणि कागदावर पाच गोष्टी लिहा: मॉडेलचं पूर्ण नाव, खोलीचं तापमान, पंखे कोणते आणि किती, कार्डाच्या पंख्यांचा वेग बांधलेला की ऑटो, आणि रेडिएटर कुठे होता. बहुधा तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंतच फरकाचं कारण सापडेल. एका रिव्ह्यूत पाचपैकी तीन जागा कोऱ्या राहिल्या तर तो बाजूला ठेवा. मग कंपनीच्या संकेतस्थळावरून मॅन्युअलची पीडीएफ उतरवून घ्या, आपल्या कार्डाची लांबी-रुंदी आणि कूलरची उंची त्यातल्या आकड्यांशी ताडा. १६५ मिमी उंचीचा कूलर असेल आणि कॅबिनेट १६० म्हणत असेल, तर तिथे कुठलाच रिव्ह्यू मदत करणार नाही.

कॅबिनेट घरी आलं की परतीची मुदत संपायच्या आत तुमची स्वतःची चाचणी उरकून घ्या. अर्धा तास पूर्ण भार, पंख्यांचे वेग स्थिर, खोलीचं तापमान टिपलेलं. मग पुढचं पॅनल काढून पुन्हा अर्धा तास. तोवर खोकं आणि आतले थर्माकोलचे साचे फेकू नका. काचेचं पॅनल परत पाठवायची वेळ आली तर त्या साच्यांशिवाय ते धड पोहोचत नाही.